मुलाचं वय आणि गाठीचा स्वभाव

पोटात गाठ लागते म्हणून तीन मुलं तपासायला आली आहेत असं धरा. एक आठ दिवसांचं बाळ, दुसरा साडेतीन वर्षांचा मुलगा आणि तिसरी चौदा वर्षांची मुलगी. तपासणाऱ्या हाताला तिन्ही पोटांत काहीतरी घट्ट लागतं, पण डॉक्टरच्या मनात तिघांसाठी तीन वेगळे विचार येतात. आठ दिवसांच्या बाळात ती बहुतेकदा खरी गाठ नसते. लघवीचा मार्ग अडल्यामुळे फुगलेलं मूत्रपिंड हाताला लागत असतं. साडेतीन वर्षांच्या मुलात विल्म्स ट्यूमर आणि न्यूरोब्लास्टोमा हे दोन कॅन्सर आधी तपासून बाजूला काढावे लागतात. चौदाव्या वर्षी लक्ष अंडाशयाकडे जातं आणि तिथल्या गाठी बऱ्याचदा साध्या निघतात.

मुलांच्या गाठींचा अभ्यास असा वयापासून सुरू होतो. गाठ केवढी, कडक की मऊ, दुखते की नाही, हे सगळं नंतर येतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यापर्यंत मूल येत नाही, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला तुकडा येतो आणि सोबत एक फॉर्म. त्या फॉर्मवर वयाची जागा कोरी असेल तर स्लाइड पाहण्याआधी मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करते. मोठ्या माणसाच्या बाबतीत एखाद वेळी वयाशिवाय निभावतं, मुलाच्या बाबतीत निभावत नाही. हे पुस्तक याच एका गोष्टीवर उभं आहे. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारे डॉक्टर, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मुलाला गाठ आली म्हणून रात्रभर जागणारे आईबाप या सर्वांना ती कळावी म्हणून ही प्रस्तावना जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रौढांचा कॅन्सर बहुतांशी आवरणाच्या पेशींचा असतो. तोंडाचं अस्तर, फुप्फुसाच्या नळ्यांचं अस्तर, आतडं, स्तनातल्या दूधनलिका अशा ठिकाणी तो होतो. तंबाखू, दारू, धूर आणि वाढतं वय यांचे घाव वर्षानुवर्षं साचत जातात आणि एखादी पेशी बिघडते. तीन वर्षांच्या मुलाला असं साचायला वेळच मिळालेला नसतो. त्याची गाठ येते ती घडणीतून. गर्भात अवयव तयार होताना ज्या पेशींनी वेगाने वाढायचं आणि ठरल्या वेळी थांबून मूत्रपिंड, डोळा किंवा यकृत व्हायचं, त्यांतल्या काही थांबत नाहीत. म्हणून प्रौढांच्या कॅन्सरची वर्गवारी अवयवानुसार करतात, तर मुलांच्या कॅन्सरची आंतरराष्ट्रीय वर्गवारी पेशींच्या जातीनुसार केलेली आहे. तिच्यात बारा मुख्य गट आहेत. आईबापांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांच्या मनात अपराधी भावना घर करून बसलेली असते. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, बाळाला कोणतं दूध पाजलं, असले प्रश्न ते स्वतःला विचारत राहतात. मुलांच्या बहुतेक गाठींमागे आईबापांनी केलेलं किंवा न केलेलं असं काहीही नसतं. साधारण दहा टक्के मुलांच्या कॅन्सरमध्ये जनुकांतून आलेला कल असतो. तो शोधता येतो आणि शोधायलाही हवा, पण त्यातही दोष कोणाचा नसतो.

विल्म्स ट्यूमरची स्लाइड पाहिली की हे डोळ्यांनी दिसतं. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून गाठीला त्यांचं नाव आहे. एका जागी गर्द निळ्या, गोल, एकमेकींना खेटलेल्या पेशींचे पुंजके दिसतात. शेजारी त्याच पेशी रांगेत येऊन छोट्या नळ्या करायला लागलेल्या असतात, कुठे तर अर्धवट बनलेली मूत्रपिंडाची गाळणीही दिसते. मधल्या जागेत फिकट धागेदार ऊती असते आणि तिच्यात कधीकधी स्नायूचे आडवे पट्टे. बाळाचं मूत्रपिंड गर्भात ज्या क्रमाने घडतं, तो सगळा क्रम तिथे विस्कटून पडलेला असतो. या मुलांचं वैशिष्ट्य असं की ती बहुधा तब्येतीने बरी असतात, खेळतात, जेवतात. पोट एका बाजूने भरल्यासारखं लागतं हे आईच्या किंवा अंघोळ घालणाऱ्या बाईच्या हाताला पहिल्यांदा जाणवतं. अशा पोटाला मालिश करू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याने दाबून पाहू नये. या गाठीचं आवरण पातळ असतं आणि ते फुटलं तर रोगाची पायरी वाढते. वेळेत आणि पूर्ण उपचार मिळाले तर प्रगत देशांत यातली दहापैकी नऊ मुलं बरी होतात.

आता साध्या गाठींकडे वळते, कारण संख्येने त्याच फार जास्त आहेत. मुलाच्या अंगावर दिसणाऱ्या बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात. तान्ह्या बाळांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी गाठ म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची लाल, स्ट्रॉबेरीसारखी गाठ. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते. मुलींमध्ये आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांमध्ये जास्त. जन्माच्या वेळी ती बहुधा नसते किंवा फिकट डागापुरतीच असते. पहिल्या काही आठवड्यांत उगवते आणि तीन-चार महिने इतक्या वेगाने वाढते की घरचे हादरून जातात. मोठ्या माणसात इतकी वेगाने वाढणारी गाठ दिसली तर मीही हादरेन. पण ही गाठ वर्षाच्या आसपास थांबते, मग फिकी पडते आणि पुढच्या काही वर्षांत हळूहळू विरते. डोळ्याची पापणी, नाकाचा शेंडा, श्वासाची वाट अशा जागी असेल तेव्हाच लगेच उपचार लागतात. त्यासाठीचं आजचं औषध, प्रोप्रॅनोलॉल, हृदयासाठी वापरलं जाणारं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्या पथकाने हृदयाच्या तक्रारीसाठी ते दिलेल्या बाळाची गाठ मऊ पडताना आणि फिकी होताना पाहिली आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याआधी अशा बाळांना महिनोन् महिने स्टेरॉइड द्यावं लागे.

मानेतल्या गाठींनी आपल्याकडची ओपीडी भरलेली असते. घसा धरला, दात किडला, डोक्यात उवा होऊन खरचटलं की मानेच्या आणि कानामागच्या लसिकाग्रंथी सुजतात. एक सेंटिमीटरपर्यंतची, सरकणारी मऊ ग्रंथी धडधाकट मुलातही लागते. मात्र गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ कोणत्याही वयात तपासल्याशिवाय सोडू नये. अडचण मधल्या गाठींची आहे: दोन-तीन सेंटिमीटरच्या, न दुखणाऱ्या, आठवड्यांमागून आठवडे तशाच राहिलेल्या. क्षयरोग आपल्या देशात इतका आहे की अशा गाठीला तपासणीविना टीबीची औषधं सुरू होतात. बरेचदा निदान बरोबर निघतंही. पण हॉजकिन लिम्फोमाची गाठ नेमकी अशीच दिसते, आणि त्या मुलाचे सहा महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. गाठीतलं पाणी सुईने काढून पाहणं किंवा गाठच काढून तपासणं याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुलीच्या छातीतल्या गाठीबद्दल घरात कुजबुजत बोलतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एकाच बाजूला स्तनाग्राखाली दुखरी, बटणाएवढी गाठ आली तर बहुधा ती वयात येत आहे. एक बाजू आधी सुरू होणं हे अगदी नेहमीचं. ती ‘गाठ’ म्हणून कापून काढली तर त्या बाजूचा स्तन पुढे कधीच वाढत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी बोटाखालून निसटणारी गोटीसारखी गाठ बहुधा फायब्रोअडिनोमा असते, साधी. या वयात स्तनाचा कॅन्सर अत्यंत विरळा. गाठ साधी आहे म्हणून तिला हात लावणंही साधं, असं समजू नये.

साधी आणि कॅन्सरची या दोन खणांत मुलांच्या सगळ्या गाठी बसत नाहीत आणि या विषयाचा सगळ्यात शिकवणारा भाग तोच आहे. माकडहाडाशी येणारा टेराटोमा घ्या. साधारण पस्तीस ते चाळीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला तो असतो, मुलींमध्ये जास्त. कापून पाहिला तर आत केस, चरबी, कूर्चा, कधी दाताचा अंकुर, कधी मेंदूची ऊती. जन्मतः तो बहुतेकदा साधा असतो. तोच टेराटोमा काही महिने राहू दिला तर त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता झपाट्याने वाढते. म्हणून तो जन्मानंतर लवकर काढतात, आणि माकडहाडासकट काढतात, नाहीतर पुन्हा येतो. ‘बाळ जरा मोठं होऊ द्या, मग बघू’ हा सल्ला हिमँजिओमाला बऱ्याचदा योग्य ठरतो, इथे मात्र घातक.

न्यूरोब्लास्टोमाचं याच्या उलट. ही गाठ अॅड्रिनल ग्रंथीत किंवा कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंच्या साखळीत येते. तीन-चार वर्षांच्या मुलात ती मुलांच्या सर्वांत अवघड कॅन्सरपैकी एक असते. मूल चिडचिडं, हाडं दुखतात म्हणून चालेनासं झालेलं, डोळ्यांभोवती काळंनिळं. पण तीच गाठ तान्ह्या बाळात यकृतापर्यंत आणि त्वचेपर्यंत पसरलेली असूनही आपोआप विरून जाऊ शकते. १९७१ मध्ये डँजिओ, एव्हान्स आणि कूप या अमेरिकी डॉक्टरांनी अशा बाळांचा वेगळा गट मांडला. जपानने याचा मोठा धडा घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधण्याची देशव्यापी मोहीम चालली. सापडणाऱ्या गाठी खूप वाढल्या, पण मोठ्या मुलांमधला जीवघेणा न्यूरोब्लास्टोमा त्या प्रमाणात घटला नाही. २००२ मध्ये जर्मनी आणि क्वेबेकमधल्या अभ्यासांतून दिसलं की अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. ज्या गाठी आपोआप गेल्या असत्या त्याच सापडत होत्या आणि बाळांना शस्त्रक्रिया, औषधं सोसावी लागत होती. २००४ मध्ये जपानने मोहीम थांबवली. लवकर शोधणं नेहमीच चांगलं, हे वाक्य मुलांच्या गाठींना सरसकट लावता येत नाही.

आणि गाठीची जागाही तितकीच महत्त्वाची. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरीला चिकटून येणारा क्रेनिओफॅरिंजिओमा सूक्ष्मदर्शकाखाली साधा असतो. पण मुलाची उंची थांबते, ते सारखं पाणी पितं आणि लघवीला जातं, शेवटच्या बाकावरून फळा दिसेनासा होतो. पूर्ण काढायला जावं तर नजर आणि संप्रेरकं पणाला लागतात. याउलट छोट्या मेंदूतला पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा पूर्ण निघाला तर मूल बहुधा कायमचं बरं होतं. सकाळी उठल्याउठल्या उलटी, डोकेदुखी, नव्याने आलेला तिरळेपणा, चालताना तोल जाणं: एवढ्यावर मुलाला अॅसिडिटीच्या औषधावर ठेवू नये, मेंदूचा एमआरआय करावा.

गुडघ्याचा भाग वेगळ्या प्रकरणात सविस्तर आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगते. वाढत्या वयाच्या मुलात गुडघ्याजवळ ऑस्टिओकाँड्रोमा होतो, हाडाला फुटलेला टणक साधा उंचवटा. हाडाची वाढ थांबली की तोही थांबतो. त्याच वयात, त्याच गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा होतो, कारण मांडीचं हाड सगळ्यात जोराने तिथेच वाढत असतं. खेळताना लागलं आणि सूज आली, अशी सुरुवात जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येते. लागल्यामुळे कॅन्सर होत नाही. लागल्यामुळे तिकडे लक्ष जातं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि उतरायचं नाव न घेणारी सूज असेल तर पहिला एक्स-रे, आणि तोवर हाडवैद्याकडची चोळणी, पट्टे बांधणं बंद. १९७० पूर्वी पाय कापूनही यातलं पाचात एकसुद्धा मूल वाचत नसे. केमोथेरपी आल्यावर, रोग पसरलेला नसेल तर, साठ-सत्तर टक्के वाचतात, आणि पुष्कळांचा पायही राहतो.

डोळ्याच्या बाबतीत भारतावर विशेष जबाबदारी आहे. रेटिनोब्लास्टोमा साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एका मुलाला होतो, आणि जन्म जास्त म्हणून जगात सर्वांत जास्त अशी मुलं आपल्याकडे असतात. मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढला की एका डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकते, ही त्याची पहिली खूण. या गाठीनेच कॅन्सरशास्त्राला मोठी दृष्टी दिली. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी अठ्ठेचाळीस मुलांच्या नोंदींवरून मांडलं की एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच गाठ होते. ज्यांच्यात एक प्रत जन्मतः बिघडलेली, त्यांना ती लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होते. पुढे ते जनुक तेराव्या गुणसूत्रावर सापडलंही. अशा घरात पुढच्या भावंडाचे डोळे जन्मानंतर लगेच तपासले तर डोळा आणि जीव दोन्ही वाचवता येतात.

टाळता येणारा म्हणावा असा मुलांचा कॅन्सर फारसा नाही, पण एक अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बाळांना हेपटायटिस बीची लस देऊ लागले आणि पुढच्या काळात तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. आपल्या लसीकरण कार्यक्रमातही ही लस आहे, ती चुकवू नका.

उपचारांचा इतिहास थोडक्यात. १९४८ मध्ये बोस्टनमधल्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि दहांमध्ये रोग काही काळ मागे हटला. फार्बर मुलांचे पॅथॉलॉजिस्ट होते, माझ्याच पेशातले. ते औषध लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार झालं होतं. आंध्रातल्या भीमावरमचे सुब्बाराव त्याच वर्षी वारले. भारतात १९८० च्या दशकात परळच्या टाटा मेमोरियलसह मद्रास आणि दिल्लीच्या केंद्रांनी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी एकच ठरलेली उपचारपद्धत वापरायला सुरुवात केली. आधी पाचात एकही मूल वाचत नसे, ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. औषधं तीच होती. शिस्त, नोंदी आणि पाठपुरावा नवा होता.

आज जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ऐंशी टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत तिसाच्याही खाली. २०३० पर्यंत सगळीकडे किमान साठ टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं. आपल्या नोंदींमध्ये, १९६३ पासूनच्या मुंबईच्या आणि १९८७ पासूनच्या बार्शीच्या ग्रामीण नोंदवहीची परंपरा असलेल्या या राज्यातही, मुलांचे कॅन्सर श्रीमंत देशांपेक्षा कमी दिसतात. आपली मुलं जास्त सुदृढ आहेत असा याचा अर्थ मी लावत नाही. मेंदूच्या गाठी विशेष कमी नोंदल्या जातात, कारण ती मुलं निदानाआधीच जातात. आणि रुग्णालयांत मुलग्यांच्या तुलनेत मुली कमी आणल्या जातात. हे मला कोणत्याही स्लाइडपेक्षा जास्त छळतं.

शेवटी बायॉप्सीबद्दल. सुरी लावली की कॅन्सर पसरतो, हा समज खेड्यात आणि शहरात सारखाच घट्ट आहे. योग्य हातांनी, योग्य जागेतून घेतलेल्या तुकड्याने रोग पसरत नाही. पण डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाची बायॉप्सी करत नाहीत, वृषणाच्या गाठीला पिशवीवरून सुई घालत नाहीत, हाडाच्या गाठीचा तुकडा पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच घ्यायचा असतो. म्हणून डॉक्टरमित्रांना विनंती: गाठ जवळच्या नर्सिंग होममध्ये घाईने काढून टाकू नका. काढलीच तर फेकू नका, फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवा आणि फॉर्मवर वय लिहा. आईबापांना विनंती: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या कॅन्सरचे उपचार बसतात, पैशांअभावी ते अर्धवट सोडण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. आणि गाठ मुलीला असेल तर मुलाला नेलं असतं त्याच दिवशी तिलाही घेऊन निघा.